शेळीनं खाल्लेलं पान

माय,

पोरीला बघायला सगळ्यात आधी कोण आलं म्हणशील तर मुलाची आत्या. बाकीची मंडळी नांदेडहून गाडी करून जेवायच्या आधी येणार होती, आणि ही बाई उदगीरहून सकाळच्या यष्टीनं एकटीच येऊन पोचली. पुढचं दार आम्ही लावून घेतलं होतं, झाडलोट चालली होती म्हणून. तर ही बोळातून फिरून थेट मागच्या अंगणात. घराचा तेव्हा काय अवतार होता काय सांगू तुला. सून पोह्याला कांदा चिरत बसलेली, लेक चौकात पेढे आणायला गेलेला, मी न्हाऊन केस मोकळे सोडून उन्हात बसलेली, आणि जिला बघायला माणसं येणार ती आमची पोरगी बाह्या वर खोचून कूलरमध्ये बादलीनं पाणी ओततेय. आत्याबाईंनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, आणि नजर गेली ती पोरीच्या हातावर. "हे काय काढून घेतलंस गं?" पोरगी म्हणाली, तुळस हाय. आत्याबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, पाणी प्याल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. पण बाई गप बसली की जास्त भीती वाटते, तुला ठाऊकच आहे. विळीवरचा सुनेचा हात तिथंच थांबला.

तुला ही पोरगी माहीत नाही. तू गेलीस तेव्हा हिचा बापच शाळेत होता, अर्ध्या चड्डीतला. आता ही त्याची थोरली, लातूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे. दिवसभर लोकांच्या हातात सुई घालते आणि रक्त काढते. मला सुईचं नाव काढलं तरी घेरी येते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. आणि माझी नात सुईवर पोट भरते. तर गेल्या दिवाळीच्या आधी ती सुट्टीला घरी आली, माझ्याजवळ पलंगावर बसली, मोबाईल काढून माझ्या हाताचा फोटो घेतला. मी म्हटलं, म्हातारीच्या सुरकुत्यांचा काय फोटो घेतीस. ती नुसती हसली. पुढच्या खेपेला आली तेव्हा तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, माझ्या हातावरची गोंदलेली तुळस. म्हणजे तुझीच की. खाली वृंदावनाची चौकट, वर खोड, दोन्ही बाजूंनी पानं, शेंड्याला तीन ठिपके. हिरवी नाही, काळी कुळकुळीत, पण रेघ न रेघ तीच. मी तो हात धरला आणि काय सांगू, मला आधी हसू आलं आणि मग नाकातून पाणी.

घरात मात्र आग लागली. लेक म्हणाला, असलं अंगावर कोण काढून घेतं, टवाळ पोरं घेतात, दारू पिऊन गाड्या उडवणारी घेतात, आता हिला कोण करणार. चार दिवस पोरीशी बोलला नाही. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या मायच्या हातावर हेच हाय की. तो म्हणाला, तुझं गोंदण हाय, हिचा टॅटू हाय. आता तूच सांग, यात फरक काय झाला. हाच लेक लहानपणी झोप येईना की माझा हात ओढून घ्यायचा आणि तुळशीच्या पानांवरून बोट फिरवत फिरवत डोळे मिटायचा. ते विसरला. दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनीही पोरीला सांगितलं, कामावर पट्टी लावून येत जा, पेशंट काय म्हणतील. पोरगी पट्टी लावायची. एकदा पट्टी सुटली तर खेड्यातली एक म्हातारी, रक्त द्यायला कुरकुर करणारी, तिच्या हाताकडं बघून एकदम आपला हात पुढं करून बसली. आमच्या मायच्या हातावर हेच होतं म्हणाली.

आमच्या वेळेला सगळं उलटं होतं ना गं. मला तो मुखेडचा बाजार अजून दिसतो. तू मिरच्यांचं गाठोडं विकून उठतेस, मला दंडाला धरतेस, आणि लिंबाखाली बसलेल्या त्या गोंदणाऱ्या बाईपुढं नेऊन बसवतेस. मी आधीच रडतेय. तू म्हणतेस, "कोऱ्या अंगाची सासरी गेलीस तर ते म्हणतील हिला माय हाय का न्हाई." ती बाई काजळात पाल्याचा रस कालवते, एकत्र बांधलेल्या सुया त्यात बुडवते, आणि माझ्या हातावर टोचायला लागते. गाणं म्हणत होती ती, म्हणजे पोरीचं लक्ष गाण्याकडं जावं. माझं कुठलं जातंय. शेवटच्या पानाला मी असा हात ओढला की बाईची वाटीच सांडली. तू चिडशील वाटलं मला. तू माझ्याकडं बघितलंस, हातावरचं रक्त बघितलंस, पदरानं पुसून हळद लावलीस, आणि त्या बाईला म्हणालीस, राहू दे बाई, तेवढं एक पान आमच्या शेळीनं खाल्लं. घरी जाताना मला गुळशेंगदाण्याचा लाडू घेऊन दिलास आणि तुझ्या हाताशी माझा हात लावून दाखवलास. तुझी तुळस भरलेली, माझी एका पानानं कमी. पुढं माझ्या सासूनं विचारलं तर तिलाही तू हेच सांगितलंस, तोंडावरची रेघ न हलवता. शेळीनं खाल्लं म्हणून.

आता बघायच्या दिवसाचं ऐक. सुनेनं त्यासाठी शिंप्याकडून मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं होतं. वैशाखात. पोरगी आदल्या रात्री माझ्याजवळ झोपली होती, तेव्हा म्हणाली, "आजी, मला हा मुलगा पसंत हाय. पण झाकून लग्न करू का मी?" फोनवर दोन-तीनदा बोलली होती ती त्याच्याशी, तेवढ्यात जीव लागला होता. त्याला सांगते म्हणाली तर आईनं शपथ घातली. मी म्हटलं, झोप आता, डोळे सुजलेले दिसतील. माय, तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा मी लई विचार केला.

मग गाडी आली. मुलगा, त्याचा बाप आणि आई. मुलगा साधाच, जरा लाजरा, चष्मा घालणारा. आई नांदेडला शाळेत बाई आहे, बोलणं कसं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, कपाळावर रुपयाएवढी मरून टिकली. मी मनात म्हटलं, झालं, शिकलेली सासू. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, घामानं निथळतेय, बाह्या मनगटाला चिकटलेल्या. लाईट गेलेली होती, कूलर बंद. सगळे वह्यांनी, पदरानं वारा घेऊन राहिलेले. आणि तेवढ्यात आत्याबाईंनी तोंड उघडलं. त्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरीला जरा बाही वर करायला सांगा. मी सकाळीच बघून बसलेय."

बाई गं, माझ्या सुनेचा चेहरा बघवेना. लेक पेढ्याच्या पुड्याकडं बघत बसला. कुणी काही बोलायच्या आत पोरीनं ट्रे खाली ठेवला, बटण काढलं, आणि बाही कोपरापर्यंत गुंडाळली. हात पुढं धरला, जसा दवाखान्यात लोक तिच्यापुढं धरतात तसा. आणि मुलाकडं बघून म्हणाली, हे मला तुम्हाला आधीच सांगायचं होतं. मुलगा नुसता हाताकडं बघत राहिला. आत्याबाई मग सुरू झाल्या. असल्या पोरी नांदत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, आमच्या तिकडं एकीनं मानेवर काढलं होतं ती वर्षात माघारी आली, उद्या नातेवाईक काय म्हणतील, शाळेतल्या बाईची सून अशी. मुलाचा बाप घसा खाकरत होता. मुलाची आई मात्र उठली, मला म्हणाली, आजी, तोंडावर जरा पाणी मारायचंय. मी तिला आत मोरीपाशी नेलं. मला वाटलं, आता ही निघायची तयारी करतेय. गेलं सगळं.

मी तांब्यानं पाणी घातलं. तिनं तोंड धुतलं, मग नखानं टिकली काढली आणि मोरीच्या फरशीला चिकटवली. आणि माय, टिकलीखाली गोंदण. तीन ठिपके आणि मध्ये बारकी रेघ, आपल्यासारखंच, हिरवं. भोवतीची कातडी जराशी वेगळी, पांढुरकी. मी बघतच राहिले. ती हसली. म्हणाली, लहानपणी गावाकडं मायनं काढून आणलं. लातूरला मास्तरकीच्या शाळेत गेले तर होस्टेलच्या पोरी अडाणी म्हणायच्या. लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी चुना लावून घासून बघितलं, जळलं पण गेलं नाही. आणि सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी नणंदेनं, बाहेर बसलेल्या ह्याच आक्कांनी, ही मोठी टिकली हातात दिली, शिकलेल्या बाईला शोभत न्हाई म्हणून. तेव्हापासून टिकलीवाचून घराबाहेर पडले नाही. हे सगळं ती अशी सांगत होती जशी कुणी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगावं. मी पदरानं तिचं कपाळ पुसलं. आणि म्हटलं, लई सुरेख काढलंय गं. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

टिकली तिथंच ठेवून ती बाहेर आली. तशाच ओल्या तोंडानं, कपाळावर ते हिरवं घेऊन. पोरीच्या शेजारी जाऊन बसली, तिचा उघडा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि आत्याबाईंना म्हणाली, "आक्का, हिच्या हाताला बाही, माझ्या कपाळाला टिकली. अजून काय काय झाकायचं तेवढं एकदाच सांगून टाका."

तेवढ्यात लाईट आली आणि कूलर असा खडखडायला लागला की मुलाचा बाप दचकला. आत्याबाई वहिनीच्या कपाळाकडं बघत होत्या. मग उठून जवळ आल्या, पोरीचा हात उचलून डोळ्यांजवळ नेला, आणि आवाज उतरवून विचारलं, दुखलं का गं लई? वाईट नव्हती ती बाई. तिच्याही मनात हे झाकायचं कुणी तरी कधी घालूनच दिलं असणार. मग मुलगा इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलला. चष्मा वर सारून म्हणाला, "एका बाजूला एक पान कमी दिसतंय."

पोरगी म्हणाली, "शेळीनं खाल्लं."

लहानपणी तिनं विचारलं की मी हेच सांगायची. म्हणजे बघ. लातूरचा तो टॅटूवाला म्हणाला होता, मॅडम, हे पान राहिलंय, फुकट भरून देतो. तिनं भरू दिलं नाही. आजीच्या हातावर जसं आहे तसं पाहिजे म्हणाली. मुलगा आधी तोंडावर हात धरून हसला, मग त्याला हसू आवरेना, मग आत्याबाईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझ्या लेकाला किती महिन्यांनी हसताना बघितलं मी. त्यानं पेढ्याचा पुडा सोडला आणि पहिला पेढा पोरीच्या हातावर ठेवला, तुळशीच्या बाजूच्याच. मग माझ्या शेजारी येऊन बसला, आणि कुणी बघत नाही असं वाटून माझ्या हातावरून एकदा बोट फिरवलं.

तू गेलीस त्या दिवशी बायकांनी तुझ्या अंगावरचं सगळं उतरवून घेतलं होतं. डोरलं, जोडवी, नाकातली चमकी सुद्धा. मी तुझा हात धरून बसले होते. तेवढी तुळस त्यांना काढता आली नाही, ती तुझ्यासोबत गेली. मला वाटलं होतं, भरलेली तुळस संपली, आता माझी अपुरीच उरली आणि तीही माझ्याबरोबर जाईल. आता जाणार नाही. ती लातूरच्या दवाखान्यात कामाला जाते, आणि पट्टी लावत नाही.

मुलाच्या आईची टिकली अजून मोरीच्या फरशीला चिकटलेली आहे. सून काढायला निघाली तर मी काढू दिली नाही. हे पत्र लिहायला चार दुपारी गेल्या, अक्षर तुझ्या नातसुनेलाही लागणार नाही, आणि धाडायचं तरी कुठं. पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र तुला सांगायला पाहिजे. त्या दिवशी सगळे मला म्हणाले, आजी, शेळीचं तुम्हाला बरं सुचलं. मी हो म्हणाले. शेळी तुझी होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही. पोरीलाही नाही. एवढी एक शाबासकी मी तुझ्या हातची काढून घेतली, आणि मला लई गोड वाटली.

येत्या रविवारी येतो म्हणालेत, पोरीला कुंकू लावायला.