आमचे हे लशीला नापास झाले

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का आणि भावजींच्या डोळ्याचं ऑपरेशन पार पडलं का, हे आधी कळव. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. ह्यांचं पत्रातच लिहिते, कारण फोनवर बोलायची सोय नाही (शेजारच्या खुर्चीत बसून ऐकतात).

आमची लेक प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते, हे तुला ठाऊक आहेच. साध्या सर्दीचा विषाणू घ्यायचा, त्याची वाढण्याची सोय काढून टाकायची, आणि त्याच्यात एखाद्या वाईट रोगाची ओळख पटण्यापुरता तुकडा घालून तो टोचायचा. शरीर ती ओळख लक्षात ठेवतं आणि खरा रोग आला की सावध असतं. हे तिने जेवताना इतक्यांदा सांगितलंय, की आता मीही सांगू शकते. ह्यांना मात्र ते कधी रुचलं नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. मुलगी 'रोगराईच्या धंद्यात' पडली म्हणून जे अबोल झाले, ते झालेच. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे (आणि ती समोरच बसलेली).

मध्यंतरी काय डोक्यात आलं कोण जाणे, कुणाला न सांगता लशीच्या चाचणीला गेले! लेकीच्या लशीला घरची माणसं चालत नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या रुग्णालयात, तसल्याच दुसऱ्या लशीच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी.

आणि नापास झाले, ताई. त्या सर्दीच्या विषाणूशी ह्यांच्या रक्ताची जुनी ओळख निघाली. सामान आणणाऱ्यालाच दारातून हाकललं तर सामान आत पोचणार कसं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. वर्गच्या वर्ग ह्यांच्यावर शिंकत आले, त्याचं हे फळ. घरी येऊन बूटही न काढता बसून राहिले. इतकी वर्षं इतरांना नापास केलं, पण स्वतः कसं व्हायचं ते ह्यांना येईना.

लेक आली. खाली बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि का गेलात म्हणून विचारलं.

"तू करतेस ते टोचून घ्यायला माणसं लागतातच ना," हे म्हणाले. "मग आपण का नको?"

तिने बूट काढून जागेवर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुमचं रक्त नापास नाही. जरा जास्तच शिकलेलं आहे."

हे हसले नाहीत. पण जेवताना, ओळखीचा विषाणू चालत नसेल तर दुसरा कुठून आणता, असं थेट तिलाच विचारलं. ताटं वाळली तरी दोघं उठेनात. मी हात तेवढे धुऊन आले.

तुझी,
धाकटी

ता. क. ह्यांची तिथे राहिलेली छत्री आणायला मी गेले होते. बसल्या बसल्या माझंही रक्त दिलं. ताई, मी पास झाले. सोमवारी टोचणार आहेत. लेकीला सांगितलंय, ह्यांना नाही. तुझ्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही, तेव्हा रविवारी ये आणि तूच सांग.

आणखी एक. जरा जपून सांग. पण मी पास झाल्याचं आधी मला एकटीला गाठून, चांगलं तोंड भरून कौतुक कर.