भाचीचा कुर्ता गुडघ्याखाली जात नाही

मु. पो. कळंब, ता. इंदापूर

तीर्थस्वरूप तात्या,

तुमच्या पायांना (ते अजून अकरा नंबरचेच असतील अशा समजुतीनं) धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? कऱ्हाटीच्या घरात नवा पंखा बसवल्याचं कळलं. तो तुमच्या डोक्याला लागत नाही ना, तेवढं कळवा. आम्ही इकडं मजेत आहोत. मजेत म्हणजे भांडणात आहोत, पण तब्येती बऱ्या आहेत. फोन न करता चिठ्ठी लिहिते, कारण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेवतो’ म्हणता आणि मला आज सगळं सांगायचं आहे. रामहरी टेम्पो घेऊन तुमच्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती देते.

आपल्या घराण्याची उंची माझ्या डोक्यावरून उडी मारून थेट सुप्रियावर उतरली, हे तुम्हाला माहीत आहेच. यंदा ती दहावीत गेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढी वाढली, की ह्यांना (तुमच्या संभाजीरावांना) तिच्याशी बोलताना मान वर करावी लागते. मान वर करून कुणाला रागावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं, त्यामुळं रागवायचं सगळं काम माझ्याकडं आलं. धाकटा ऋषिराजही तिच्या मागोमाग वाढतोय, पण त्याची पँट घोट्याच्या वर गेली तर ती फॅशन होते. पोरीचा कुर्ता गुडघ्याच्या वर गेला की बेशिस्त होते. शाळेचा नियम आहे, कुर्ता गुडघ्याखाली हवा. गुडघा किती वर असावा याचा मात्र नियम नाही, नाहीतर सुप्रियानं तोही मोडला असता.

तर गणवेश घ्यायला आम्ही मायलेकी बारामतीला गेलो. शाळेनं सांगितलेलं दुकान एकच. ते चौकड्याचं कापड दुसरीकडं मिळत नाही आणि हा माणूस सुटं कापड देत नाही, शिवलेलंच देतो. त्याच्या मते माणूस वाढतो तो आडवा. एकेक नंबर चढत गेलो तसा कुर्ता रुंद होत गेला, लांबी बोटभर हलली. सगळ्यात मोठ्या नंबरात सुप्रिया, मी आणि शेजारच्या छबूबाई अशा तिघी मावलो असतो आणि तरी तिघींचे गुडघे उघडे राहिले असते. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘ताई, एवढ्या उंच मुली आमच्याकडं येत न्हाईत.’’ म्हटलं, ‘‘मग ही कोण आलीय?’’ तर म्हणे, ‘‘ही आली वो, पण कंपनीला कुठं म्हाईत हाय?’’

एवढ्यात सुप्रिया पडद्यामागून बाहेर आली आणि ‘‘आई, बसतोय की’’ म्हणाली. खरंच बसत होता. बाही मनगटाशी, कुर्ता गुडघ्याखाली. दुकानदार खूश, बिल फाडायला निघाला. मी जरा निरखून बघितलं, तर पोरीनं सलवारीच्या आत गुडघे वाकवलेले, पाठीला पोक काढलेला आणि हात आखडून घेतलेले. म्हटलं सरळ उभी राहा. ती सरळ झाली आणि कुर्ता सर्रकन वर गेला. तात्या, मला कुर्त्याचं काही वाटलं नाही. पण पोक काढायला तिला जराही वेळ लागला नव्हता, सवय असल्यासारखा निघाला, त्यानं माझं डोकं फिरलं. दुकानदार अजून समजूत घालत होता, ‘‘थोडं वाकून चालली तर वर्ष निघंल.’’ त्याला म्हटलं, तूच शटर अर्धं ओढून वर्षभर ये-जा कर, मग बोलू.

मी तसलेच दोन कुर्ते घेतले आणि इंदापूरला झुंबरमास्तर शिंप्यांकडं गेले. म्हटलं, दोनांचा एक करा. (घरी हे म्हणाले, ‘‘आत्ता कशाला घाई? ती वाढायची थांबली की एकदाच शिवू.’’ या माणसाबरोबर मी अठरा वर्षं संसार केला, याची नोंद घ्यावी.) मास्तरांनी स्टुलावर चढून माप घेतलं, विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतलं आणि वर ‘वाढतं अंग हाय’ म्हणून हातभर जादा धरलं. कुर्ता आला तो थेट घोट्यापर्यंत. मास्तर म्हणाले, कॉलेजलाबी चालंल. मग मी घरी बसून खालून दुमडला, कमरेचा जोड सारखा केला, पण चौकडे काही जुळले नाहीत. वरच्या आणि खालच्या चौकड्यांचं भांडण आहे असं लांबून दिसतं. पण पोरगी त्यात सरळ उभी राहते, श्वास घेते, हात वर करते.

आणि हा कुर्ता शाळेला चालत नाही. वर्गाच्या बाई म्हणाल्या, हा गणवेश नाही, गणवेशासारखा आहे. पंधरा ऑगस्टच्या संचलनात सुप्रिया सगळ्यात पुढं, पथकाला हुकूम देणारी. आता म्हणतात, नियमातला कुर्ता घाल, नाहीतर शेवटच्या रांगेत जा. आमची बया घरी येऊन सांगते, ‘‘राहू दे आई, मागं उभी राहते. तशीबी मी मागनं सगळ्यांना दिसतीच.’’ हसत सांगितलं, पण सांगताना दाराच्या चौकटीला टेकून, मान खाली घालून. तेव्हा मी उठले आणि शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, पोरगी कापून देता येत न्हाय, कापडच जोडावं लागणार. जोडलेल्या कुर्त्यात ती पुढं उभी राहील, तुमचा फोटो बिघडला तर बिघडू द्या. सर म्हणाले, सोमवारी घरातलं जाणतं माणूस घेऊन या, मग ठरवू. म्हणजे मी कोण, हे विचारायचं राहून गेलं. सोमवारी विचारीन. आम्हाला कुणाची मदत नको आहे, हे मात्र नक्की. कळावं म्हणून कळवलं, बाकी काही नाही.

वयानं आणि उंचीनंही धाकटी,
माधवी

ता. क. सोमवारी साडेदहाला तुम्ही शाळेत यायचं आहे. ह्यांना नेलं तर सर बोलायच्या आतच ‘व्हय व्हय’ म्हणून मोकळे होतील. तुम्ही काही बोलू नका, बोलायला मी आहे. तुम्ही फक्त सरांसमोर उभं राहायचं. खुर्ची दिली तरी बसायचं नाही.

ता. क. २. वाचून रागावू नका. सुप्रियानं तो पोक कुठून उचलला, ते दुकानात माझ्या लक्षात आलं. तात्या, तो तुमचा आहे. लग्नकार्यात, फोटोत, चारचौघांत तुम्ही कुणाला मोठे दिसू नये म्हणून खांदे पाडून उभे राहता आणि लहानपणापासून ती तुम्हाला बघत आलीय. तुमच्याएवढं उंच माणूस तिनं दुसरं बघितलेलंच नाही. त्या दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी असेल. तिच्यासमोर एकदा नीट, सगळेच्या सगळे उभे राहा.

ता. क. ३. पांढरा सदरा घाला. बाही मनगटापर्यंत पोचत नसेल तर दुमडू नका. दिसू द्या.