निलगिरी, थेंबभरही पाणी न घालता

७ जुलै, सोमवार. सकाळी ७.१०
चहात केस सापडला. बाब गंभीर आहे, म्हणून नोंद करून ठेवतो. केस माझा नाही. ती शक्यता अकरा वर्षांपूर्वीच संपली. ज्योत्स्नाचाही नाही, तिचे काळे आणि लांब, हा भुरा आणि बोटाच्या पेराएवढा. म्हणजे काकवीचा. काकवी हे आमच्या घरातलं मांजर. रंग अगदी गुऱ्हाळातल्या काकवीचा, म्हणून ते नाव मीच ठेवलं. ती एक दिवस माझ्या चहात उतरेल, हे तेव्हा सुचलं नव्हतं.
ज्योत्स्नाकडे तक्रार केली. ती शाळेची बॅग भरत होती. म्हणाली, अहो, काढा आणि प्या. चोवीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही तक्रारीची साधी चौकशी समिती बसली नाही.

८ जुलै
डाव्या घोट्यावर तीन चावे, उजव्यावर पाच. पिसवा. उगम: काकवी.
संध्याकाळी ज्योत्स्नाने सर्जेराव डॉक्टरांकडून मांजराच्या मानेवर टाकायचं औषध आणलं. सर्जेराव म्हणजे सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर. सगळा जन्म म्हशींत गेला. मांजर त्यांना नमुना म्हणून आणलेली म्हैस वाटत असेल. मी औषध कपाटात टाकलं. घरात केमिकल चालणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही स्वतः केमिस्ट ना हो? मी म्हटलं, म्हणूनच. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचा केमिकलवर विश्वास राहील कसा?
संकल्प: पिसवांचा प्रश्न नैसर्गिक आणि शास्त्रीय पद्धतीने सोडवणे. वेळ भरपूर आहे. गाळप मार्चमध्येच संपलं. दिवाळीपर्यंत लॅबमध्ये मी, रजिस्टर आणि पंखा. पंखा बंद आहे.

१२ जुलै, शनिवार
बारामतीला एक दिवसाची कार्यशाळा. ‘पाळीव प्राण्यांची नैसर्गिक निगा.’ मार्गदर्शक सोनम मॅडम, वय फार तर तीस. समोर अकरा बायका, सात कुत्री आणि मी. मी पाच प्रश्न विचारले. चारांची उत्तरं मिळाली, पाचव्याला चहाची सुट्टी झाली.
विषय सोपा आहे. वनस्पतीचा अर्क काढायचा, प्राण्याला लावायचा, पिसवा जातात. मॅडम म्हणाल्या की तेल नेहमी पातळ करूनच वापरा, वाटीभर खोबरेलात एक-दोन थेंब. मांजरांबद्दलही काहीतरी म्हणाल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, असं काहीसं. तेव्हा मी पेनची रिफिल बदलत होतो. महत्त्वाचं असतं तर त्यांनी दोनदा सांगितलं असतं.
(दोनदा सांगितलं. रिफिल घट्ट होती.)

१३ जुलै
येताना बारामतीतून काचेच्या तपकिरी बाटल्या आणल्या. पन्नास. पंचवीस पुरल्या असत्या, पण मागणी वाढल्यावर पुन्हा कोण जाणार? लेबलचा मजकूर तयार: ‘काकवी नॅचरल्स, इंदापूर. शंभर टक्के शुद्ध.’ खाली काकवीचा फोटो. फोटोसाठी ती बसली नाही. पाठमोरा मिळाला. तोही बोलका आहे.

१५ जुलै
उत्पादन सुरू. कच्चा माल: कारखान्याच्या रस्त्यावरच्या निलगिरीचा पाला, तीन किलो. यंत्रसामग्री: घरातला मोठा कुकर, भंगारातून आणलेली तांब्याची नळी, बर्फाची बादली. तीन पाळ्यांत पाला उकळला. निघालेलं तेल नऊ मिली. रिकव्हरी ०.३ टक्के. आमच्या कारखान्याची अशी रिकव्हरी लागली असती, तर सभासदांनी मला उसाबरोबर गव्हाणीत टाकलं असतं. पण यात दोष झाडाचा. पाला अपक्व होता.

१६ जुलै
कुकर चार वेळा धुतला. तरी वरणाला निलगिरीचा वास. ज्योत्स्नाने पहिला घास घेतला आणि विचारलं, वरणाला सर्दी झालीय का?
संशोधकांच्या घरी हे व्हायचंच.

१८ जुलै
मूलभूत विचार. तेल पातळ का करायचं?
उसाचा रस येतो तेव्हा त्यात शंभरातले पंचाऐंशी भाग पाणी. ते पाणी उडवण्यासाठी अख्खा कारखाना उभा आहे: बॉयलर, वाफ, शिफ्टा, ओव्हरटाइम. सव्वीस वर्षं मी पाण्याशी वैर धरायचा पगार घेतला. आणि आता तीन किलो पाल्यातून जिवाचं रान करून काढलेला नऊ मिली अर्क मी वाटीभर खोबरेलात बुडवू? सोनम मॅडमनी कारखाना पाहिलेला नाही. घट्ट तेच गुणकारी. पातळ करणं हे व्यापाऱ्याचं काम, केमिस्टचं नव्हे.
निर्णय: तेल जसंच्या तसं.

२० जुलै, रविवार
ज्योत्स्ना शिक्षकांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. सहा दिवस. सूचना: काकवीचं खाणं द्वारकाबाई बघतील, तुम्ही फक्त काही करू नका.
द्वारकाबाई आमच्याकडे भांडी-फरशीला येतात. सहा दिवस घर सांभाळणाऱ्या पुरुषापेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा. असो.
जाताना दारात काकवीला उचलून पाच मिनिटं कानाशी काहीतरी बोलली. मला म्हणाली, गॅस बघा. हे मांजर तिला तीन वर्षांपूर्वी शाळेत खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे सापडलं. डोळेही उघडले नव्हते. ड्रॉपरने दूध पाजून जगवलं तिने. त्यासाठी तीन दिवस रजा टाकली. माझ्या अपेंडिक्सला अर्धा दिवस टाकली होती. मी तुलना करत नाही. फक्त आकडे लिहून ठेवतो.

२१ जुलै
सुरक्षिततेसाठी आधी स्वतःवर चाचणी. घोट्यावर तीन थेंब. दहा मिनिटांत आग आग झाली, कातडी लाल. म्हणजे रक्ताभिसरण सुधारलं. यशस्वी.

२२ जुलै. संध्याकाळी ५.००
मात्रा दिली. मानेपासून शेपटीपर्यंत सरळ रेषेत, बावीस थेंब. काकवीने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पलंगाखाली गेली. कृतज्ञता दाखवायची प्रत्येकाची पद्धत वेगळी.

सायं. ६.१५
अंग चाटते आहे. स्वच्छतेची आवड वाढली. तोंडातून लाळ. शरीरातली घाण बाहेर पडत असावी.

सायं. ७.३०
पिसवा एकही दिसत नाही. काकवी अत्यंत शांत. हाक मारली तरी डोळे अर्धेच उघडते. चालताना मागचे पाय जरा तिरके पडतात. अंग सैल झाल्याचं लक्षण. सोनम मॅडम म्हणाल्याच होत्या की सुगंधाने प्राणी रिलॅक्स होतात. दुधाला तोंड लावलं नाही. हलका उपवास चांगलाच.
ज्योत्स्नाचा फोन. काकवी कशी आहे? मी म्हटलं, शांत आहे. यात खोटं काहीच नाही.
लेबलची नमुना प्रत छापून आली आहे. उद्या बाकीची छापायला टाकणे.

२३ जुलै. दुपारी २.००
सर्जेराव डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावरून. रोजनिशी पिशवीत होती. का आणली ते माहीत नाही.
सकाळी साडेसातला द्वारकाबाई आल्या. काकवी मोरीच्या दाराशी आडवी पडलेली. अंगाला बारीक थरथर. मी म्हणालो, रात्रभर छान झोपली आहे. त्यांनी वाकून हात लावला आणि विचारलं, साहेब, हे गार का पडलंय? काय लावलंय तुमी ह्याला? मी म्हटलं, काळजीचं कारण नाही, नैसर्गिक आहे. त्या म्हणाल्या, साप बी नैसर्गिकच हाय की. पानी आना. कढत न्हाय, कोमट. आना म्हनते न्हवं!
मी पाणी आणलं. भांड्यांच्या साबणाने त्यांनी तिला धुतलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी निलगिरीचा वास उठायचा आणि त्या माझ्याकडे बघायच्या. जिला उभं राहता येत नव्हतं, तिला एक चावा घेण्यापुरतं बळ कुठून आलं कोण जाणे. त्यांच्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी. दात खोल गेले. द्वारकाबाईंनी हात काढला नाही. काकवीलाच म्हणाल्या, चाव बाई, चाव, पर जित्ती ऱ्हा. मी टॉवेल धरून उभा होतो.
मग तिला पदरात गुंडाळून त्या स्कूटरवर मागे बसल्या. सगळा रस्ता पाठीमागून एकच, हाना साहेब, हाना गाडी.
सर्जेराव एका म्हशीला तपासत होते. म्हैस सोडून आले. सलाईन लावलं, चारी बाजूंनी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. काय लावलं? निलगिरी. किती? बावीस थेंब. पातळ किती केलं होतं? मी म्हटलं, केलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, रवींद्रराव, रसात जरा काय वावगं दिसलं तर तुमी अख्खा कारखाना थांबवता, आणि हितं तीन किलोच्या जिवावर डायरेक्ट? मांजर सोताला चाटतं. जे अंगावर, ते पोटात. आणि असलं तेल पचवायचं ह्यांच्या लिव्हरला जमतच न्हाय. पातळ करून लावलं असतंत तरी मी नकोच म्हनलो असतो. इचारलं का न्हाय?
मी सांगितलं की आपण म्हशींत असता. ते म्हणाले, म्हशींत असतो म्हनून काय बहिरा हाय व्हय?
विचारलं, जगेल का? ते म्हणाले, सांजच्याला सांगतो.
मग त्यांचं लक्ष द्वारकाबाईंच्या हाताकडे गेलं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायला लावला आणि माणसांच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. मांजराचा चावा, सुई घ्यायचीच. त्या म्हणाल्या, जाते की, आधी हिचं कळू द्या. शेवटी मीच नेऊन आणलं.

सायं. ६.४०
अंगात थोडी ऊब आली आहे. आजची रात्र महत्त्वाची, असं डॉक्टर म्हणाले.
ज्योत्स्नाचा फोन आला. काकवी कशी आहे? या वेळी मी ‘शांत आहे’ म्हणालो नाही. सांगितलं. बावीस थेंबही सांगितले. ती म्हणाली, डॉक्टरांकडे द्या फोन. त्यांच्याशी दहा मिनिटं बोलली. त्यांनी फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता.

२४ जुलै
सकाळी पाणी चाटलं. तीन वेळा. मी मोजलं.

२५ जुलै
उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि बसली. सर्जेराव म्हणाले, न्या घरी. नेताना ती पिशवीतून बाहेर बघत होती, माझ्याकडे सोडून सगळीकडे.

२६ जुलै, शनिवार
द्वारकाबाईंना दुसऱ्या सुईला नेलं. हात मनगटापर्यंत सुजलेला. डॉक्टर म्हणाले, बुधवारपर्यंत पाण्यात घालायचा नाही. येताना स्कूटरवर त्या म्हणाल्या, तुमच्याकडचं एक ऱ्हाऊ द्या साहेब, ताई समजून घेतील. पर म्हाळसाबाईंकडं खाडा झाला की त्या दुसरी बाई बघत्यात. चार दिस झालं. म्हाळसाबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरीणबाई. दोन वर्षांत त्यांनी पाच मोलकरणी बदलल्या. द्वारकाबाई एकट्याच टिकल्या आहेत.
संध्याकाळी ज्योत्स्ना आली. चप्पल न काढता काकवीपाशी जाऊन बसली. अर्ध्या तासाने उठली. टेबलावरची लेबलची नमुना प्रत हातात घेतली, नीट वाचली. म्हणाली, छपाई छान आहे.
याहून ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ जुलै. सकाळी ६.०५
टीप: कुत्र्यांच्या बाबतीत मात्र निलगिरीचा प्रयोग

सकाळी ८.१५
वरची टीप रद्द. उरलेलं तेल सर्जेरावांकडे नेऊन दिलं, त्यांनीच काय ते करावं. कपाटातलं औषध आता लावू का, हेही त्यांना विचारलं. म्हणाले, महिनाभर तिला काही नको.

२७ जुलै. सकाळी ९.००
म्हाळसाबाईंकडे गेलो. म्हटलं, द्वारकाबाई बुधवारपर्यंत येणार नाहीत, त्यांच्या जागी मी आलो आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. तुम्ही? कारखान्यातले? मी म्हटलं, हो, दुसरी बाई बघू नका. त्यांनी घासणी दिली आणि सांगितलं, पुसून पालथी घालायची, उभी नाही.

२९ जुलै
काल दोन पेले उभे राहिले होते. आज ते दाखवण्यासाठी तसेच ठेवलेले होते.

३० जुलै, बुधवार
द्वारकाबाईंची तिसरी सुई झाली. सूज उतरली आहे. उद्यापासून कामावर येतील. त्यांना वाटतं, म्हाळसाबाई या खेपेला नरमल्या.
काकवी माझ्या खुर्चीत झोपते. मी स्टुलावर बसतो. जवळून गेलो की अजूनही उठून पलंगाखाली जाते.
म्हाळसाबाईंकडे आज शेवटचा दिवस. सगळी भांडी पुसून पालथी घातली. निघताना त्यांना विनंती केली की द्वारकाबाईंना हे सांगू नका. त्या म्हणाल्या, सांगून कोण खरं मानणार आहे. मग त्यांनी कढई उचलली, उजेडात धरली, कढईच्या कानापाशी बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. तेल राहिलं होतं.
पाणी जास्त घेऊन पुन्हा घासली.