दक्षिणेकडे पाय

बाई, आपल्या जुन्या वॉर्डात आता सिलेंडर नाहीत. ऑक्सिजन भिंतीतून येतो. भिंत मात्र तीच, उत्तरेची, जिथे तुमच्या वेळी सिलेंडर साखळीने बांधलेले असत. पलंगांची डोकी त्याच भिंतीला, म्हणजे पेशंटचे पाय दक्षिणेला.

गेल्या सोमवारी दुपारी आसेगावकडचे एक आजोबा गेले. मुलांनी त्यांना पलंगावर उलटं फिरवून उशी पायथ्याशी नेली होती. नळी ताणली गेली आणि भिंतीजवळच्या जोडातून निसटली. तो जोड लॉकरच्या मागे आहे, उभ्या माणसाला दिसत नाही. नर्स एकटीच होती, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सलाइन लावत होती. थोरला मुलगा मला म्हणाला, "पाय यमाच्या दिशेले कायले ठेवता, म्याडम? बाप जित्ता होता, म्हून फिरवला आमी." नळी कशामुळे सुटली हे त्याला अजून ठाऊक नाही. मी सांगितलं नाही.

तुमच्या जागी आता मेट्रन मी, म्हणून अहवाल मला द्यायचा होता. त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द असावा, असं वरून सुचवलं गेलं. त्या एका शब्दाने त्या नर्स पोरीची नोकरी जाईल.

तेव्हापासून तुमची खोली डोळ्यांपुढे आहे. अनसिंगची म्हातारी गेली, त्या दिवशीची सकाळ. तिचीही नळी अशीच सुटली होती. ड्यूटीवर मी आणि अजून एक मुलगी, दोघी शिकाऊ, पण तो पलंग त्या मुलीकडे होता. तुम्ही टेबलामागे उभ्या आहात, आम्ही दोघी समोर. रागावलात की तुमची पुस्तकी मराठी गळून पडायची. "तुह्यं ध्यान कुठी होतं? नळी जागेवर हाय का नाई, हे पाहाले का कलेक्टर येईन?" ती खाली बघत राहते. चार दिवसांनी तिचे वडील येऊन तिची पेटी मंगरूळपीरच्या बसवर चढवतात. ती पुन्हा कुठल्याच दवाखान्यात दिसली नाही. त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमची कात्री दिलीत. म्हणालात, "तू चोख हायेस. तुह्या हातून असं होनार नाई."

तुमचं सगळं शिक्षण 'लक्ष ठेवा' या दोन शब्दांत होतं, आणि मीही तीस वर्षं पोरींना तेच ओरडून सांगितलं. मागे एका प्रशिक्षणात एक इंजिनिअर बाई म्हणाली, माणूस चुकणार हे धरूनच खोली मांडायची. चुकलेल्या माणसाआधी ती खोली तपासायची. दवाखान्यात इंजिनिअरचं काय काम, असं मला वाटलं होतं.

परवा तो पलंग रिकामा होता. मी दार लोटून त्यावर आडवी झाले, भिंतीकडे डोकं करून. मी असलं काही मानत नाही. तरी मिनिटभरात मी पाय पोटाशी ओढून घेतले.

म्हणून अहवालात तो शब्द लिहिला नाही. लिहिलं की पलंगांची डोकी पूर्वेच्या भिंतीला करा, ऑक्सिजनही त्याच भिंतीला आणा, जोड डोळ्यांसमोर राहू द्या; नाहीतर नातेवाईक पेशंटला फिरवत राहतील आणि नळ्या सुटत राहतील. साहेबांनी वाचून विचारलं, "मॅडम, भिंतीवर कारवाई कशी करू?" पोरीचं काय होईल, अजून कळलेलं नाही. पलंग अजून तसेच आहेत.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून तर लिहिता येतो आहे. अनसिंगच्या त्या म्हातारीला मी फिरवलं होतं, बाई. तिची लेक हात जोडून म्हणत होती, "मायचे पाय दक्खनले कायले केले वो, मेली हाय का ते?" आणि मला पुढची कामं उरकायची होती. तुमच्या खोलीत मी त्या मुलीला खेटून उभी होते. तुमची कात्री मी दोन्ही हातांनी घेतली.