शिळेवरचं बाविसावं नाव

गावसचिव लीनहार्डसाहेब यांस, दारियो पाथरवटाकडून.

चौकातल्या शिळेवर कोरायला तुम्ही दिलेली यादी मी दोनदा वाचली. सातशे वर्षांतली गावची नामवंत माणसं, एकवीस नावं. त्यातल्या सेनापतीनं या गावात कधी पाऊलही ठेवलं नाही. पणजोबाचं मूळगाव म्हणून त्याच्या कागदांवर आपलं गाव आहे, एवढंच. मी माझ्या आईचं, ओत्ताविया सुईणीचं नाव सुचवलं, तर तुम्ही हसलात.

"दारियो, तू दगड कोर, नावं आम्ही ठरवतो. तुझी आई इथं एक्केचाळीस वर्षं राहिली, मान्य. पण तिचं मूळगाव इटलीतलं!"

"मग यादीतल्या शेवटच्या तिघांना इथं जन्माला कोणी घातलं, साहेब?"

"त्यांच्या आयांनी!" म्हणत तुम्ही खिडकी लावून घेतलीत.

तुम्ही स्वतः पायाळू. तुमच्या जन्माच्या दिवशी आई गुडघाभर बर्फातून तुमच्या घरी पोचली नसती, तर आज खिडकी लावायला कोणी नसतं. हे मी चारचौघांत कधी बोललो नाही.

तिचं नाव नसेल तर छिन्नी उचलणार नाही, हे कळवायला लिहायला बसलो होतो. पण पत्र तुम्ही फायलीत घालाल, म्हणून ते माझ्याच खिशात राहील. रविवारी ग्रामसभेत मी उभा राहून तिचं नाव मांडणार आहे. मत हात वर करून द्यायचं असतं. साहेब, त्या सभेतले निम्मे हात सगळ्यांत आधी तिनंच धरलेत.

तुमचे मात्र पाय.

सभेत भेटूच,
दारियो