कुलपाचं गाऱ्हाणं

दहिसर,
७ जानेवारी २०२५

ती. सहदेवमामास,
अपूर्वाचा साष्टांग नमस्कार.

मामा, फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतोस, म्हणून आपली जुनी रीत: पत्र.

आमच्या मासळी बाजारातल्या कृष्णाबाई तुला आठवत असतील. तू माळ घालण्याआधी आई तुझ्यासाठी बांगडे त्यांच्याकडूनच घ्यायची. बाजारात बायकांसाठी संडास बांधून वर्ष झालं, पण त्याला कुलूप आहे. बाजार समितीचे अध्यक्ष धोंडिराम गावडे म्हणतात, उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळाला की उघडू. तोवर जायची वेळच येऊ नये म्हणून बायका दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यापायी कृष्णाबाईंना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं.

मी मानवी हक्कांचा अभ्यास करते आणि कविताही लिहिते, तर म्हटलं दोन्हींची मोट बांधावी. शीतल मॅडमनी प्रकल्प म्हणून मान्यही केलं: कवितेतून शांततेचं आंदोलन. परवा रविवारी भर बाजारात माझी लांबलचक कविता वाचली. गावडे सगळ्यांत पुढे उभे. शेवटी त्यांनी डोळे पुसले, खूप टाळ्या वाजवल्या, मला शाल आणि नारळ दिला, बाजाराला अशी कवयित्री लाभल्याचा अभिमान वाटतो म्हणाले, आणि किल्ली खिशात घालून जेवायला गेले. कृष्णाबाईंचा अभिप्राय असा, की कविता झकास होती, पण ऐकता ऐकता त्यांना जास्तच लागली.

माझी पार वाट लागलीय, मामा. काय चुकलं सांग. मामीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अपूर्वा

विक्रोळी,
११ जानेवारी २०२५

।। श्री ।।

चि. अपूर्वा हिस अनेक आशीर्वाद.

शाल नीट ठेव, थंडीत उपयोगी पडेल. निदान कुणाला तरी कवितेची ऊब मिळू दे.

टाळी ही मोठी सोयीची वस्तू आहे बघ. ऐकणारा ती वाजवतो आणि सुटतो. गावी आपल्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही. एकजण देवाला उभ्या गावाची अडचण सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मग मागणं एकट्याचं राहत नाही. ज्याच्या तोंडून 'व्हय' गेलं, तो त्यात बांधला जातो. तुझ्या कवितेत ऐकणाऱ्याला 'व्हय' म्हणायला जागाच नसावी. तू श्वास घ्यायला तरी थांबली होतीस का, अशी तुझ्या मामीला शंका आहे.

हे आपलं सुचलं म्हणून लिहिलं. यातून नवा उद्योग काढू नकोस. प्रेमाताईला सांग, कुळीथ संपत आले आहेत. भावावर माया असेल तर पोचतील.

तुझा,
सहदेवमामा

दहिसर,
१५ जानेवारी २०२५

ती. मामास सा. नमस्कार.

उद्योग काढला!

गावडे आपल्याकडचेच, कुडाळच्या बाजूचे. म्हणून मी त्यांनाच उद्देशून गाऱ्हाणं लिहिलंय, 'बा गावडेम्हाराजा' अशी सुरुवात करून. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी ते बाजारात असतील, तेव्हा घालायचं. कृष्णाबाईंनी स्वतःची एक ओळ दिलीय, की भर सत्कारात गावड्यांचं पोट बिघडू दे आणि कुलूप मात्र उघडू नये. बायका त्या ओळीवर इतक्या खूश आहेत की तीच घोळवत बसतात आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं.

सोबत मसुदा पाठवतेय. चाल तेवढी शिकव. कुळीथ आईने बांधून ठेवलेत, पण ते कशावर अवलंबून आहेत हे तू ओळखशीलच.

तुझी लाडकी (अजून आहे ना?)
अपूर्वा

विक्रोळी,
२० जानेवारी २०२५

।। श्री ।।

चि. अपूर्वा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तुझी मामी म्हणते, फार बरे गेले ते दिवस.

गाऱ्हाणं देवाला घालतात. किल्लीवाल्याला म्हाराजा म्हटलंस तर तो स्वतःला खरंच तसं समजेल, आणि आधीच थोडं समजत असावा. तेव्हा 'बा गावडेम्हाराजा' खोड. बाजाराच्या दाराशी देवीची घुमटी आहे, तिथे उभं राहून तिला सांगायचं. गावड्यांनी हवं तर ऐकावं. दुसरं, गाऱ्हाण्यात कुणाचं वाईट मागत नाहीत. पोटाची ओळ काढ. कृष्णाबाईंना सांग, मला ती वाचून हसू आलं, पण काढायचीच.

देवीपुढे संडासाचं नाव कसं घ्यावं, याचाही विचार केला. मग तुझी आजी आठवली. गावी ती अंधार पडायची वाट बघायची. देवाला हे ठाऊक नाही असं थोडंच आहे? त्याच्यापुढे लाजायचं कशाला?

आणि चाल पत्रातून येत नाही. मीच येतो. माळ घातल्यापासून मासळी बाजाराच्या वाटेला गेलो नाही, पण वास सोसणं तहान सोसण्यापेक्षा सोपं. आल्यावर लगेच आंघोळीचं पाणी काढून ठेवायला आईला सांग.

माया आहेच. कुळीथ रोखून धरून ती पातळ करू नये.

तुझा,
सहदेवमामा

दहिसर,
२७ जानेवारी २०२५

ती. मामास साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखरच साष्टांग.

तू गाऱ्हाणं घालतोस डोळे मिटून आणि संपलं की पळतोस आंघोळीला. आंघोळीनंतर जेवून थेट विक्रोळी. म्हणजे तू काही पाहिलंच नाहीस. फोनवर सांगणार होते, पण हे लिहूनच ठेवायला हवं.

तू पहिली ओळ म्हटलीस:

बा देवी म्हाराजा,
ह्या बाजारातली तुजी लेकरां दिवसभर तानेली बसतत...

बायकांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, जरा चाचरतच. गावडे टाळ्या वाजवायच्या तयारीने पुढे आले होते. पण मामा, तो सूर कानांवर पडला आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले, पायांतल्या चपला निघाल्या. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलायला लागले. आणि मग तू म्हटलंस:

जेच्याकडे किल्ली आसा, तेका आजच्या आज कुलूप उघडूची बुद्धी दी...

या ओळीला सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं असेल? गावडे! डोळे मिटून, अगदी बेंबीच्या देठापासून. डोळे उघडले तर सगळा बाजार त्यांच्याकडे बघतोय. ते म्हणायला लागले, की आपलं सवयीने तोंडातून गेलं. कृष्णाबाईंनी शांतपणे विचारलं, की देवीसमोर दिलेल्या शब्दालाही आता मोठा पाहुणा लागणार का.

गावड्यांनी खिशात हात घातला. किल्ली होती, पण कुलूप गंजलेलं. शेवटी कृष्णाबाईंच्या कोयत्याने कडी तोडली. माझ्या सत्कारातला नारळ गावड्यांनी स्वतः उंबऱ्यावर फोडला. मला वाटलं, कृष्णाबाई आता आत जातील. त्या नाही गेल्या. आपल्या जागेवर येऊन बसल्या, शेजारणीकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि सकाळच्या वेळी, सगळ्यांसमोर, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

कुळीथ आकाशदादाबरोबर पाठवतेय. लोभ असाच राहू दे, एवढंच माझं तुला गाऱ्हाणं. त्यावर काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
अपूर्वा