भुलीतून परत बोलावताना

२१ नोव्हेंबर १९३८, मेहकर
पोहोचले! सर्व्हिसची मोटार धुळीने भरली होती, मीही. पण मन लख्ख आहे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती सार्थकी लावायला मला हा धर्मार्थ दवाखाना मिळाला आहे. काय दवाखाना! शस्त्रक्रियेच्या खोलीत देवाची तसबीर आणि टेबलापाशी एक पाट. कशाला, तर हाक मारणाऱ्यासाठी. हे नारायणरावांनी सांगितलं. ते इथले जुने डॉक्टर. मला पाहून त्यांनी विचारलं, बाळंतपणं करणार ना? मी म्हटलं, हाडं बसवणार. ते हसले. हसू देत. सगळ्यांना बजावलं आहे की मला नुसतं 'डॉक्टर' म्हणायचं. संध्याकाळपर्यंत मी 'डाक्टरबाई' झाले होते.

२३ नोव्हेंबर
पाटाचं नारायणरावांकडून कळलं. माणूस भुलीखाली असताना रक्ताचं कोणीतरी उशाशी बसून त्याला हाका मारत राहतं. नाहीतर म्हणे तो वाट चुकतो आणि त्याच्या जागी दुसराच परततो. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आई किंवा बहीण बसते. नावही आई ज्याने हाक मारते तेच लागतं, कागदावरचं चालत नाही. डॉक्टरकी शिकलेला माणूस हे गंभीर चेहऱ्याने सांगतो! मग मीच त्यांना भुलीवर व्याख्यान दिलं. क्लोरोफॉर्म झटपट, पण हृदयाला धोका. ईथर त्याहून सुरक्षित, पण वेळ खातं आणि छाती भरते. आणि पाय मोडला असेल तर सर्वांत उत्तम म्हणजे मणक्यात सुई: कमरेखाली बधिर, रोगी जागा. त्या औषधाच्या कुप्या मी मुंबईहून आणल्या आहेत. ते "बरं बरं" म्हणाले आणि पान लावत बसले.

२६ नोव्हेंबर
पुंजाजी, अमडापूरचा शेतकरी. बैलगाडीखाली मांडीचं हाड मोडलेलं. सुई पाहून इतका धडपडला की ती शक्यच नव्हती. क्लोरोफॉर्मवर गुंगवून पुढे ईथर दिलं. बहीण रुखमाबाई पाटावर बसून "पुंजा रे, पुंजा" करत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाली, "तो एकलाच राहीन वो बाई." अडाणी माया! हाड सुरेख बसलं. शुद्धीवर येताच तो माझ्याकडे पाहून हसला. पाट सरपणात टाकायला सांगितला.

२९ नोव्हेंबर
पुंजाजी नावाला ओ देत नाही. शालिग्राम म्हटलं की मान वळवतो. शालिग्राम गेल्या वर्षी याच टेबलावर मेला. त्याच्यामागे हाक मारणारं कोणी नव्हतं. उघड आहे: शेजारच्या खाटांवरच्या गप्पा कानी पडल्या, मेंदू अजून धुंद. रुखमाबाई मात्र ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हा माहा भाऊ नोहे." मी विचारलं, चेहरा ओळखता येत नाही का तुला? म्हणाली, "घर तेच हाये. मानूस दुसरा हाये."

२ डिसेंबर
आशाबाई, नडगी मोडलेली. मणक्यात सुई. अप्रतिम! पूर्ण वेळ जागी होती, सासूला नावं ठेवत होती. हवी कशाला हाक? फक्त... त्या बधिर पायाची बोटं हलत होती. एकेक, सावकाश. हलायला नको होती. आशाबाई म्हणाली, "कोनीतरी आत शिरून पाहून राह्यलं वो." मी तिला गप्प केलं. नारायणराव पायाकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.

५ डिसेंबर
रुखमाबाई हटत नाही. रोज माझे पाय धरते: पुन्हा भूल द्या, मी हाक मारतो, तो येईन. बसलेल्या हाडासाठी भूल! शिपायाकडून तिला फाटकाबाहेर घालवलं. जाताना रडली नाही. एवढंच म्हणाली, "याच्यात शालिग्राम बसला. पुंजाले कुठंतरी जागा लागंन, बाई."

८ डिसेंबर
पायरीवरून पडले. हातात कुप्यांची पेटी होती. सगळ्या फुटल्या. नडगीचं हाड कातडीबाहेर. पांढरं. नारायणराव म्हणतात ईथरला वेळ नाही, आता क्लोरोफॉर्मच. थांबलं तर पाय जाईल. त्यांनी विचारलं, उशाशी कोण बसणार? मी म्हटलं, कोणी नको.

तो पुंजाजी खाटेवरून माझ्याकडे पाहतो. हसतो. सगळं ठाऊक असल्यासारखा...

दुपार
आई मला चिमी म्हणते. आई इथे नाही. इथे ते कोणालाच माहीत नाही. मीच बजावलं होतं ना, नुसतं डॉक्टर म्हणा...

रुखमाबाईला बोलावून घेतलं. मी, पदवीधर! तिच्या कानात नाव सांगितलं. तिने दोन्ही हातांत माझा चेहरा धरला, नीट पाहिला, घर पाहावं तसा. "मी बसतो, बाई," म्हणाली. किती भोळी! सगळं विसरली. ही माणसं...

नारायणराव हात धुताहेत. वास येतो आहे, गोड...

तारीख —
चिमी कोणी म्हणालंच नाही. अंधारात मी थांबले, ऐकत... तिचा आवाज येत होता, पण नाव दुसरंच — पुंजा रे, पुंजा — आणि माझ्या बाजूने कोणीतरी धावत पुढे —

मले लिवता येत नाही. हात बाईचा हाये, तोच लिवते. पाय लय दुखते. रुखमा जवळ बसून हाये, तोंडावरून हात फिरवते.

बाई उशाशी उभी हाये. आपलंच नाव घेऊन राह्यली, चिमी, चिमी. पन आपल्याले आपनच हाक मारून कोनी —